मुद्रक, प्रकाशक, मालक

टेक्सस स्कोअरकार्डचे संपादक, प्रकाशक आणि आश्रयदाते यांस,



तुम्ही उजवे आहात, याबद्दल माझी तक्रार नाही. कर कमी करा, सरकारी खर्चाला कात्री लावा, सरहद्द आवळा, शाळेची निवड पालकांच्या हाती द्या, ही तुमची मतं तुम्ही कधी लपवली नाहीत. त्यातली काही मला पटतात, बरीचशी पटत नाहीत, पण या पत्राचा विषय तो नाही. पत्र मराठीत लिहायला दोन कारणं आहेत. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिनच्या उपनगरांत आता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मराठी घरं आहेत. टेक्ससचा कारभार कोण हाकणार हे ज्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीच्या मतदानात, ठरतं, तिथे त्यांनाही मत आहे, आणि तुमच्या वर्तुळातली आमदारांची गुणपत्रिका त्यांच्याही हाती पडते. दुसरं कारण असं की ज्या गोष्टीची मी मागणी करतो आहे, तिच्यासाठी मराठी छापखान्यात फार जुना शब्द आहे: प्रेसलाइन. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, मालक कोण, छापलं कुठे. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही, पण नसली तर वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. माझं म्हणणं एवढंच आहे की जो हात आमदाराला गुण देतो आणि जो हात त्याच आमदाराला पाडायला पैसे देतो, ते दोन्ही एकाच देहाचे असतील, तर ते बातमीतच छापलेलं असावं. वाचकाने ते दुसऱ्या दप्तरात जाऊन शोधून काढावं, ही अपेक्षा रास्त नाही.

पक्षाचं पत्र चालवण्यात कमीपणा नाही, हे आधी मान्य करून टाकतो, कारण तुमच्यावर टीका करणारे बरेच जण इथेच घसरतात. तुमच्या देशाची वृत्तपत्रं जन्मालाच पक्ष घेऊन आली. 1789 साली जॉन फेनो यांनी काढलेलं गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स खजिनामंत्री हॅमिल्टनच्या बाजूचं होतं. त्याला उत्तर म्हणून 1791 मध्ये फिलिप फ्रेनो यांनी नॅशनल गॅझेट काढलं, आणि या फ्रेनोंना परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी आपल्या खात्यात वर्षाला 250 डॉलरची भाषांतरकाराची नोकरी देऊन ठेवली होती. आमच्याकडेही तेच. आगरकर 1887 मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारक काढला. दीनबंधु सत्यशोधकांचा होता, 1920 मधला मूकनायक आंबेडकरांचा. यातला कुठलाही अंक हाती घेणाऱ्याला आपण कुणाच्या ओसरीवर बसलो आहोत हे ठाऊक असे. फ्रेनोंच्या प्रकरणात लोकांना राग आला तो त्यांच्या मतांचा नव्हता. सरकारी तिजोरीतून पगार घेणारा माणूस सरकारवर तुटून पडतो आहे आणि पगार लावून देणारा मंत्री त्याच सरकारात बसला आहे, हे वाचकांना कळलं ते प्रतिस्पर्धी पत्रातून, तेही हॅमिल्टनने टोपणनावाने लिहिल्यावर. (हॅमिल्टनचेही हात स्वच्छ नव्हतेच. खजिना खात्याच्या छपाईचं काम फेनोंकडे जात होतं.) ओरड पक्षपाताची नव्हतीच, न सांगितलेल्या नात्याची होती.

हे नातं छापायला लावणारा कायदा अमेरिकेत 1912 साली आला. टपालाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या नियतकालिकांनी आपले संपादक, प्रकाशक, मालक आणि मोठे भागधारक व कर्जरोखेधारक यांची नावं ठरावीक मुदतीने छापावीत, आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहावं, अशी त्याची कलमं होती. वृत्तपत्रांनी मुद्रणस्वातंत्र्याचा गळा घोटला म्हणून ओरडा केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1913 मध्ये कायदा टिकला. आजही अमेरिकेतली टपालाने जाणारी साप्ताहिकं दर शरद ऋतूत ते निवेदन छापतात. भारतात मुद्रक-प्रकाशकाची ओळ 1867 च्या कायद्याने आली. तिचा हेतू उदात्त होता असं म्हणवत नाही. इंग्रज सरकारला मजकुरामागचा माणूस हाताशी हवा होता. तरीही स्वातंत्र्यानंतर ती ओळ राहिली, आणि तिच्या जोडीला दर मार्चमध्ये मालकीचं निवेदन छापण्याची सक्ती आली, कारण सरकारसाठी बांधलेली खुंटी वाचकाच्याही कामाची आहे हे ध्यानात आलं होतं. कागद आणि टपाल या दोन्हींना बगल देऊन जे प्रकाशन चालतं, ते अमेरिकेच्या या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. तुम्ही कायदा मोडलेला नाही. पण कायद्याने ज्या वाचकाची काळजी घेतली, तो वाचक अजून तिथेच आहे.

आता तुमचा धंदा कसा चालतो ते जवळून पाहू, कारण नाव तुम्हीच प्रामाणिकपणे घेतलं आहे: स्कोअरकार्ड. मायकेल क्विन सलिव्हन यांनी 2006 च्या सुमारास तुमचं काम सुरू केलं तेव्हा मूळ माल बातमी नव्हताच, गुणपत्रिका होती. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, 140 दिवस भरतं. 150 प्रतिनिधी, 31 सिनेटर, हजारो विधेयकं. सामान्य मतदाराला यातलं काय कळणार? त्यातली काही मोजकी मतदानं निवडायची, प्रत्येकाची एक ‘बरोबर’ बाजू ठरवायची, आणि आमदाराला ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी द्यायची, ही गुणपत्रिकेची पद्धत. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वाढलेल्या माणसाला ‘एफ’ समजावून सांगावा लागत नाही. मात्र गणिताचा पेपर काढणाऱ्याला एक बंधन असतं, उत्तर त्याच्या मर्जीवर नसतं. इथे कुठलं मतदान प्रश्नपत्रिकेत घ्यायचं आणि कुठलं वगळायचं हे परीक्षकच ठरवतो. एखाद्या दुरुस्तीवरचं कामकाजविषयक मत, ज्यात आमदाराने केवळ चर्चा पुढे ढकलायला हात वर केला असेल, तेही ‘करवाढीला पाठिंबा’ म्हणून मोजता येतं. यालाही माझी हरकत नाही. मत मांडायची ही एक रीत आहे, आणि डाव्या संघटनाही अशा गुणपत्रिका काढतात. पण त्या ‘एफ’चं वजन कुठे पडतं ते बघा. 1994 नंतर टेक्ससमध्ये राज्यव्यापी निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकलेली नाही. बहुतेक मतदारसंघांचा निकाल नोव्हेंबरात लागत नाही, मार्चच्या प्रायमरीत लागतो. 2022 च्या रिपब्लिकन प्रायमरीत सुमारे 1 कोटी 72 लाख नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम 20 लाखांनी मत दिलं. एवढ्या विरळ मतदानात एका अक्षराने आमदार पडू शकतो. आणि विधिमंडळाच्या निवडणुकीत एका माणसाने किती देणगी द्यावी यावर टेक्ससमध्ये मर्यादा नाही.

इथे तुमचे आश्रयदाते येतात. तुम्ही ज्या एम्पॉवर टेक्सन्समधून निघालात, त्या संस्थेच्या मंडळाचे अध्यक्ष मिडलंडचे तेल-उद्योजक टिम डन होते. त्यांची क्राउनरॉक ही कंपनी ऑक्सिडेंटलने विकत घेतली तो व्यवहार सुमारे 12 अब्ज डॉलरचा होता. सिस्को गावचे फॅरिस विल्क्स, फ्रॅकिंगच्या धंद्यातून अब्जाधीश झालेले, हे दुसरे. एम्पॉवर टेक्सन्सची निवडणूक समिती याच दोन घरांच्या पैशावर मुख्यतः चाले आणि गुणपत्रिकेत नापास झालेल्यांच्या विरोधात उमेदवारांना बळ देई. यात बेकायदेशीर काही नाही, गुप्तही नाही. देणग्यांच्या नोंदी टेक्सस एथिक्स कमिशनकडे आहेत. पण त्या त्यांच्या दप्तरात आहेत आणि गुणपत्रिका मतदाराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. परीक्षक, बातमीदार आणि प्रतिस्पर्ध्याचा सावकार हे तिघे एकाच वाड्यात राहतात, हे त्या टेबलावर बसलेल्याला कुठून कळावं?

तुम्ही म्हणाल, आम्ही पत्रकारिताच करतो, आणि त्याचा दाखला म्हणून 2019 दाखवाल. दाखवाच. ते प्रकरण मला तुमच्याविरुद्धही वाटतं आणि तुमच्या बाजूचंही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्या वर्षी 12 जूनला प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष डेनिस बॉनेन यांनी सलिव्हन यांना कॅपिटॉलमधल्या आपल्या कचेरीत बोलावलं. सोबत रिपब्लिकन गटाचे प्रमुख डस्टिन बरोज होते. सलिव्हन यांनी तासाभराचं ते बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं. टेक्ससमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, त्यामुळे तेही कायदेशीर. त्या संभाषणात अध्यक्षांनी एक सौदा पुढे केला. आपल्याच पक्षाच्या दहा आमदारांच्या मागे लागा, त्यांची नावं तिथे सांगितली गेली, आणि बदल्यात तुमच्या बातमीदारांना सभागृहात प्रवेशाची पत्रकार-ओळखपत्रं मिळतील. ध्वनिफीत बाहेर आली, आठवडाभरात बॉनेन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. आपल्याच पक्षाच्या सर्वांत ताकदवान माणसांपैकी एकाचं पितळ उघडं पाडायला धाडस लागतं. ऑस्टिनमधल्या कुठल्याही वर्तमानपत्राने ती बातमी छातीवर मिरवली असती. (बरोज यांनी तेव्हा गटप्रमुखपद सोडलं आणि 2025 मध्ये ते त्याच खुर्चीवर अध्यक्ष म्हणून बसले. राजकारणात पाणी असंच वाहतं.)

पण ती खोली पुन्हा डोळ्यांपुढे आणा. अध्यक्षांनी दहा नावांची यादी कुणापुढे ठेवली? निव्वळ बातमीदारापुढे अशी यादी कुणी ठेवत नाही, कारण बातमीदार आमदाराला पाडू शकत नाही. यादी ठेवली ती ज्याच्या मागे निवडणुकीचा पैसा उभा आहे त्याच्यापुढे. आणि लाच म्हणून काय देऊ केलं? पैसा नाही, पद नाही. पत्रकाराचं ओळखपत्र. समोरचा माणूस एकाच वेळी दोन्ही आहे हे बॉनेन अचूक ओळखून होते, आणि म्हणूनच एका रूपाची गरज दुसऱ्या रूपाच्या कामाने भागवावी असा त्यांचा हिशेब होता. तुमच्या दुहेरी भूमिकेचं यापेक्षा नेमकं वर्णन तुमच्या कुठल्या टीकाकाराने केलेलं नाही. पुढचं वागणंही तसंच. ध्वनिफीत आहे हे जुलैअखेर सांगून झालं, पण ती जनतेला ऐकायला मिळाली 15 ऑक्टोबरला. मधले अडीच महिने ती निवडक आमदारांना आणि पक्षाच्या माणसांना बोलावून ऐकवली जात होती. पुरावा हाती असताना वाचकाला थांबवून ठेवायचं आणि राजकारण्यांना आधी ऐकवायचं, याला डावपेच म्हणतात. चांगले डावपेच होते, सफलही झाले. पण ते बातमीदाराचे नव्हते.

ओळखपत्राच्या प्रश्नावर मात्र मी बऱ्याच अंशी तुमच्या बाजूचा आहे. 2019 मध्ये सिनेटने तुमच्या माणसांना ओळखपत्रं दिली आणि प्रतिनिधिगृहाने नाकारली. एकाच इमारतीच्या दोन टोकांना दोन उत्तरं. तुम्ही न्यायालयात गेलात, दिलासा मिळाला नाही. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये मॅकआयव्हर इन्स्टिट्यूट या उजव्या संस्थेच्या बातमीदारांना गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्या पत्रकार बैठकीबाहेर ठेवलं गेलं आणि 2021 मध्ये सातव्या सर्किट न्यायालयाने गव्हर्नरच्या बाजूने कौल दिला. खरा पत्रकार कोण हे ज्यांच्यावर लिहायचं त्यांनीच ठरवावं, हे मला धोक्याचं वाटतं. आज दार तुम्हाला बंद झालं, उद्या दुसऱ्याला होईल. पण दार उघडं असावं म्हणणाऱ्याने आत येताना आपली ओळख पूर्ण सांगावी, हा त्या मागणीचाच दुसरा अर्धा भाग आहे. 2014 मध्ये एथिक्स कमिशनने सलिव्हन यांना लॉबिस्ट म्हणून नोंदणी न केल्याबद्दल 10,000 डॉलर दंड केला, तेव्हा बचाव मुद्रण आणि भाषण स्वातंत्र्याचा होता, आणि खटला वर्षानुवर्षं चालला. कोण बरोबर ते न्यायालयांवर सोडू. मला दिसतं ते एवढंच की नियम लॉबिस्टचा आला की झगा पत्रकाराचा असतो, आणि अध्यक्षांच्या कचेरीत बोलावणं आलं की झग्याखालचं चिलखत दिसतं.

तुमचा पहिला आक्षेप मला माहीत आहे: डावे काय वेगळं करतात? काहीच नाही, कित्येकदा तर वाईट करतात. 2019 मध्ये टारा मॅकगोवन यांनी उभं केलेलं कुरियर न्यूजरूम हे अ‍ॅक्रोनिम या डेमोक्रॅटिक राजकीय संस्थेच्या पोटातून आलं, आणि निवडणुकीच्या तोंडावर कुंपणावरच्या मतदारांपर्यंत ‘स्थानिक बातम्या’ पोहोचवणं हा त्याचा उघड डाव होता. उजवीकडे ब्रायन टिम्पोन यांच्याभोवतीच्या जाळ्याने गावोगावच्या जुन्या वर्तमानपत्रांसारखी नावं धारण करून जवळपास 1,300 प्रकाशनं उभी केली होती, हे 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं. या गर्दीत तुम्ही उलट बरे आहात, तुमचा कल पहिल्या परिच्छेदातच कळतो. पण शेजारी मापात मारतो म्हणून आपलं माप तपासू नये, हा युक्तिवाद मंडईत चालत नाही, इथे का चालावा?

दुसरा आक्षेप, देणगीदारांची नावं उघड करायला लावू नये हा, जड आहे आणि तुमच्या बाजूच्या उत्तम वकिलांनी तो मांडला आहे. 1958 मध्ये अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यापासून संघटनेला संरक्षण दिलं, कारण यादी बाहेर आली असती तर लोकांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात आले असते. 2021 मध्ये त्याच धाग्याने कॅलिफोर्नियाची देणगीदारांची नावं मागण्याची सक्ती रद्द झाली. संघराज्याच्या घटनेची बाजू मांडणारे ते प्रसिद्ध लेखही ‘पब्लियस’ या टोपणनावानेच आले होते. हे सगळं मी मानतो. पण मी सरकारने सक्ती करावी असं म्हणतच नाही, तुम्ही होऊन छापा असं म्हणतो. पन्नास डॉलर पाठवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं नावही मागत नाही. अलाबामातल्या सभासदाला राज्यसत्तेपासून लपायचं होतं. ज्याच्या देणगीने राज्याची सत्ता घडते, तो माणूस त्या सभासदाच्या पाटावर कसा बसणार? शिवाय डन आणि विल्क्स यांच्या निवडणूक-देणग्या आधीच जाहीर आहेत. माझी मागणी दोन वह्या शेजारी ठेवण्याची आहे.

‘एम्पॉवर टेक्सन्स आता राहिलं नाही, आम्ही स्वतंत्र संस्था आहोत,’ असंही उत्तर येईल. आमच्याकडे घराच्या वाटण्या झाल्या तरी सातबाऱ्यावरचा फेरफार वाचता येतो, जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळतं. तेवढंच हवं आहे.

हे जमण्यासारखं आहे याचा पुरावा तुमच्याच राज्यात आहे. 2009 मध्ये जॉन थॉर्नटन, इव्हान स्मिथ आणि रॉस रॅमसी यांनी सुरू केलेलं टेक्सस ट्रिब्यून तुम्हाला डावीकडे झुकलेलं वाटतं, वाटू द्या. पण त्यांच्या बातमीत एखाद्या देणगीदाराचं नाव आलं की खाली एक ओळ येते: अमुक संस्थेने आम्हाला आर्थिक मदत केली आहे, आमच्या पत्रकारितेत तिचा हात नाही. हात नाही यावर विश्वास ठेवायचा की नाही ते वाचक ठरवतो, पण ठरवायला त्याच्याकडे काहीतरी असतं. आणि अशा ओळीची गरज वाढतेच आहे. प्यू रिसर्चच्या मोजणीनुसार राज्यांच्या राजधान्यांतले पूर्णवेळ बातमीदार 2014 मध्ये 904 होते ते 2022 मध्ये 850 झाले, पण देणगीवर चालणाऱ्या संस्थांचे बातमीदार त्याच काळात 92 वरून 353 वर गेले. जुनं वर्तमानपत्र जाहिरातदारांच्या पैशावर चाले आणि जाहिरात निदान पानावर दिसे. तुमच्या पिढीच्या प्रकाशनांत पैसा देणारा पानावर दिसत नाही.

तेव्हा ती ओळ कशी असावी ते सांगतो. 2023 च्या जूनमध्ये, महाधिवक्ता केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोग सिनेटमध्ये चालायच्या आधी, त्या सुनावणीचे अध्यक्ष असणारे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांना डिफेंड टेक्सस लिबर्टी या समितीकडून 10 लाख डॉलर देणगी आणि 20 लाख कर्ज मिळालं. समितीचा पैसा मुख्यतः डन आणि विल्क्स यांचा. 2024 च्या प्रायमरीत रिपब्लिकन पक्षाचे 15 विद्यमान प्रतिनिधी पडले. अशा बातम्या तुम्ही देता तेव्हा खाली एवढं यावं: या लढतीत पैसा लावणारे अमुक आणि आमची मातृसंस्था चालवणारे अमुक, हे एकच आहेत. गुणपत्रिका छापाल तेव्हा तिच्यावर, अक्षराच्या शेजारी: ही मतदानं आम्ही निवडली, आणि ‘एफ’ मिळालेल्यांपैकी इतक्यांच्या विरोधात आमच्या आश्रयदात्यांनी पैसे दिले आहेत. शेवटच्या पानाच्या तळाशी नको, बारीक टायपात नको. पहिल्या परिच्छेदाखाली, बातमीच्याच टायपात.

कळावे,
आपला एक वाचक